अलर्ट लावला होता का?

क्लाउडचं बिल अंगावर आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारला जातो. विचारणारा कधी सल्लागार असतो, कधी क्लास घेणारे सर, कधी त्याच्याच ऑफिसातला वरच्या खुर्चीवरचा माणूस. सूर चौकशीचा नसतो, निकालाचा असतो. ‘नाही’ म्हणालात तर तुम्ही निष्काळजी. ‘हो’ म्हणालात तर मग मेल वेळेवर का नाही वाचला? काहीही उत्तर द्या, दोष फिरून वापरणाऱ्याच्याच दारात येतो. ज्याने यंत्रं भाड्याने दिली, मीटर बसवलं, दर ठरवले आणि बिल छापलं, तो या खटल्यात साक्षीदार म्हणूनसुद्धा हजर नसतो.

या मंडळींचं म्हणणं नीट मांडतो, म्हणजे अन्याय व्हायला नको. ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट या तिघांकडे बजेट अलर्टची सोय आहे. तो लावायला पाच मिनिटं लागतात आणि वेगळे पैसे पडत नाहीत. महिन्याची रक्कम ठरवा, तिच्या ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर मेल येईल. वापराल तेवढं भरा, असा हा उघड व्यवहार आहे. कोणी फसवलेलं नाही. ज्याला एवढी पाच मिनिटं काढता येत नाहीत, त्याने नंतर समाजमाध्यमांवर रडगाणं गाऊ नये.

ऐकायला चोख वाटतं. मला मात्र हे मुळातच चुकीचं वाटतं. अलर्ट निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. तो कशासाठी उत्तम आहे ते पुढे येईलच. पण अलर्ट म्हणजे खर्चावरचं नियंत्रण, हा दावा टिकत नाही. तो इतका रुळला आहे की जी गोष्ट खरोखर मागायला हवी, ती मागायचं कोणाला सुचतही नाही.

आधी वेळेचा हिशेब करू. ॲमेझॉनच्या स्वतःच्या कागदपत्रांत लिहिलं आहे की बजेटचे आकडे दिवसातून फार तर तीनदा ताजे होतात आणि दोन वेळांत साधारण आठ ते बारा तासांचं अंतर असतं. गूगलच्या कागदपत्रांत तर स्वच्छ शब्दांत सांगितलंय की बजेट ठरवल्याने वापर किंवा खर्च आपोआप थांबत नाही. म्हणजे कंपन्या लपवत काही नाहीत. त्यांची वकिली करणारेच तेवढं पान सोडून बाकीचं वाचतात.

आता चोरांचा वेग पाहा. गिटहबवर चुकून उघड्या पडलेल्या ॲमेझॉन खात्यांच्या किल्ल्या चोरांच्या हाती लागून त्यांच्यावर आभासी चलन खणायला सुरुवात व्हायला पाच मिनिटंही लागत नाहीत, हे पालो आल्टो नेटवर्क्सच्या ‘युनिट ४२’ या संशोधन गटाने २०२३ मध्ये दाखवून दिलं. एकीकडे पाच मिनिटं, दुसरीकडे आठ ते बारा तास. ताशी तीस डॉलर भाड्याचं एक जीपीयू यंत्र धरा. चोराने अशी वीस उभी केली आणि तुम्हाला दहा तासांनी कळलं, तर सहा हजार डॉलर, म्हणजे पाच लाख रुपयांच्या वर रक्कम, मेल वाचण्याआधीच गेलेली असते. शिवाय मेल आला म्हणून यंत्रं थांबत नाहीत. तो वाचणारा जागा हवा, त्याच्याकडे पासवर्ड हवा, आणि काय बंद केल्यावर काय पडेल हे त्याला ठाऊक हवं.

‘मग अंदाजावर चालणारा अलर्ट लावा ना,’ असं यावर सांगितलं जातं. महिनाअखेर खर्च किती होईल याचा अंदाज बांधून आधीच सावध करणारा. कल्पना चांगली आहे. फक्त ॲमेझॉनला असा अंदाज बांधायला सुमारे पाच आठवड्यांचा वापर हाताशी लागतो. नवं खातं, नवशिका वापरणारा, अजून न पारखलेला कोड, म्हणजे धोका जिथे सगळ्यात जास्त, तिथेच हा अलर्ट मुका. स्टार्टअपना फुकट मिळणाऱ्या क्रेडिटची गंमत आणखी वेगळी. बजेटमध्ये क्रेडिट वजा धरायचं की नाही, हा एक पर्याय असतो आणि ॲमेझॉनकडे तो मुळात ‘धरा’ असाच असतो. त्यामुळे क्रेडिट पाण्यासारखं वाहून जात असताना बजेटच्या पानावर खर्च शून्य दिसतो. क्रेडिट संपलं की पहिला अलर्ट येतो, तोवर खर्चाचा वेग आणि कंपनीची सवय दोन्ही पक्की झालेली असतात.

२०२० मध्ये जाहीर झालेलं एक प्रकरण या धंद्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. एका छोट्या कंपनीने गूगलच्या क्लाउड रनवर आपलं नवं काम तपासायला टाकलं. कोड स्वतःलाच पुन्हापुन्हा बोलवत राहिला, आणि प्रत्येक फेरीत फायरस्टोअर या डेटाबेसमधून वाचन होत गेलं. ११,६०० कोटी वाचनं झाली. बिल बहात्तर हजार डॉलरच्या घरात गेलं. सगळं बंद केल्यानंतरही आकडा चढतच राहिला, कारण झालेल्या वापराचा हिशेब मागून येत होता. या कंपनीने बजेट किती ठेवलं होतं? सात डॉलर. म्हणजे ‘अलर्ट लावला होता का’ या प्रश्नाचं उत्तर इथे ‘हो’ आहे. तिथे उपयोगी पडलं असतं ते वेगळंच एक बटण: एका वेळी जास्तीत जास्त किती यंत्रं उभी राहावीत, याचा आकडा. तो त्या वेळी मुळात एक हजार असायचा. तपासणीसाठी दोन पुरेशी होती.

दुसरं प्रकरण २०२४ च्या एप्रिलमधलं. एका अभियंत्याने ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवणुकीच्या सेवेत एक बकेट, म्हणजे फाइली ठेवायची जागा, उघडली. ती रिकामी होती, खाजगी होती. दोन दिवसांनी त्याने बिलाचं पान पाहिलं तर तेराशे डॉलरच्या वर रक्कम. एका मुक्तस्रोत सॉफ्टवेअरने आपल्या मूळ सेटिंगमध्ये बॅकअपसाठी नेमकं तेच बकेटचं नाव उदाहरण म्हणून ठेवलेलं होतं, आणि जगभरातली ती सॉफ्टवेअरं त्याच्या दारावर धडका मारत होती. एका दिवसात सुमारे दहा कोटी. दार उघडलं नाही, प्रत्येकाला नकार मिळाला, आणि प्रत्येक नकाराचे पैसे मालकाच्या खात्यावर लागले. अलर्ट अगदी वेळेवर आला असता तरी त्याने काय केलं असतं? परक्यांनी दार ठोठावणं मालकाला थांबवता येत नव्हतं. बकेट पुसून टाकणं एवढाच उपाय होता. इथे नियम बदलला तो ॲमेझॉनने. मे २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की बाहेरून आलेल्या अशा अनधिकृत विनंत्यांचे पैसे यापुढे लागणार नाहीत. हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण वर्षानुवर्षं ‘वापरणाऱ्याने काळजी घ्यावी’ या सदरात मोडणारी गोष्ट काही दिवसांत ‘आम्ही घेऊ’ या सदरात गेली. तंत्रज्ञान तेच होतं, फक्त बोभाटा झाला होता.

आता प्रतिपक्षाचा सगळ्यात भारदस्त मुद्दा. रक्कम ठरवली की खर्च तिथेच थांबेल अशी पक्की मर्यादा तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, असं सांगितलं जातं. जगभर पसरलेली यंत्रं, शेकडो सेवा, प्रत्येकीचं वेगळं मीटर. सगळ्यांची बेरीज क्षणोक्षणी कशी करणार?

हे म्हणणं तुमच्या खिशातल्या प्रीपेड मोबाइलला सांगून पाहा. बॅलन्स संपला की फोन बंद पडतो, आणि कोट्यवधी जोडण्यांवर ते रोज घडतं. कंपनी तुम्हाला बारा तासांनी मेल पाठवून ‘आपण काल ठरवलेल्या रकमेच्या पुढे गेलात’ असं कळवत नाही. मोबाइल सोपा आणि क्लाउड अवघड, असं कोणी म्हणेल. तर मग रोमिंगचं पाहू, जे खरोखर अवघड होतं. परदेशातल्या वापराचा हिशेब परक्या कंपनीकडून येतो आणि यायला वेळ लागतो. सुट्टीवर गेलेल्या माणसाला घरी परतल्यावर हजारो युरोंचं बिल मिळायचं. युरोपीय संघाने १ जुलै २०१० पासून नियम केला: ग्राहकाने वेगळं काही निवडलं नसेल तर रोमिंग डेटाची मर्यादा महिन्याला ५० युरो, ८० टक्क्यांवर इशारा, मर्यादा गाठली की सेवा बंद. इशारा आणि थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ग्राहकाला दोन्ही लागतात, हे तिथल्या नियामकाला कळलं होतं. नियम आला आणि जमेना असं वाटणारं जमलं.

आणि क्लाउड कंपन्यांना ते आजही जमतं, जिथे त्यांची इच्छा असते तिथे. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर क्लाउडच्या चाचणी खात्यांवर आणि क्रेडिटवर चालणाऱ्या काही खात्यांवर खर्चमर्यादा असते. क्रेडिट संपलं की सेवा थांबते. तेच खातं ‘वापराल तेवढं भरा’ या प्रकारात नेलं की मर्यादेची सोय नाहीशी होते. ॲमेझॉनने जुलै २०२५ पासून नव्या खात्यांसाठी फुकट योजना आणली: दोनशे डॉलरपर्यंत क्रेडिट, जास्तीत जास्त सहा महिने, दोन्हींपैकी जे आधी संपेल तेव्हा खातं बंद, बिल नाही. गूगलच्या ॲप इंजिनमध्ये एके काळी रोजची खर्चमर्यादा घालता येत असे. ती पुढे काढून टाकण्यात आली. लॅम्डा या सेवेत एखादं फंक्शन स्वतःलाच गोल गोल बोलवत असेल तर साधारण सोळा फेऱ्यांनंतर ते तोडण्याची सोय ॲमेझॉनने २०२३ मध्ये आणली. तेव्हा ‘शक्य नाही’ हे वाक्य आधी दुरुस्त करून घेऊ. पैसे कंपनीच्या खिशातून जाणार असतात तिथे मर्यादा शक्य असते. ग्राहकाच्या खिशातून जाणार असतात तिथे ती अवघड होऊन बसते.

माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म इथेच आहे. मोजणीत उशीर होणारच, हे मला मान्य आहे. दहा हजारांची मर्यादा नेमकी दहा हजारांवर लागणार नाही. कधी दहा हजार चारशेवर लागेल. भाषा-मॉडेलं पुरवणाऱ्या ज्या कंपन्या आगाऊ पैसे घेतात, त्यांच्याकडेही शिल्लक कधी शून्याच्या थोडी खाली जाते. प्रश्न असा की हे वरचे चारशे कोणाचे? आजच्या व्यवस्थेत मोजणीच्या उशिराची सगळी किंमत ग्राहक देतो, मग उशीर पाच मिनिटांचा असो की बारा तासांचा. अशा वेळी मीटर जलद करण्यात कंपनीला कसला रस असणार? उलट मर्यादेपुढचा खर्च पुरवठादाराने सोसायचा असा नियम असता, तर मी पैजेवर सांगतो, आठ-बारा तासांचं अंतर वर्षभरात मिनिटांवर आलं असतं. तुमची विनंती अधिकृत आहे की नाही, सेकंदाला किती विनंत्या आल्या, कोटा ओलांडला का, हे सगळं आज प्रत्येक विनंतीमागे पापणी लवायच्या आत तपासलं जातंच. पैशांची बेरीज तेवढी निवांत होते.

‘पण कंपन्या माफ करतात की!’ असं म्हणणारेही भेटतात. करतात, खरं आहे. वर सांगितलेल्या बहात्तर हजारांच्या प्रकरणात गूगलने बिल माफ केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेटलिफाय या होस्टिंग कंपनीच्या फुकट योजनेवर असलेल्या एका साध्या वेबसाइटला १,०४,५०० डॉलरचं बिल आलं, त्या वेळच्या दराने सुमारे ८६ लाख रुपये. एका गाण्याच्या फाइलवर कोणी तरी डाउनलोडचा भडिमार केला होता. ग्राहक सेवेने आधी वीस टक्के भरा म्हटलं, मग पाच टक्क्यांवर आले. मालकाने हे सगळं जाहीर लिहिलं, गदारोळ उठला, आणि कंपनीच्या प्रमुखांनी पूर्ण रक्कम सोडून दिली. आता याच गोष्टीचा दुसरा अर्थ लावून पाहा. जो इंग्रजीत चार परिच्छेद झकास लिहू शकतो, ज्याची तक्रार मोठ्या मंचावर वर चढते, त्याचं बिल शंभर टक्के माफ. जो नुसता ग्राहक सेवेला मेल करतो, त्याच्या वाट्याला पाच टक्के, म्हणजे पाच हजार डॉलर. सोलापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला, वडिलांचं कार्ड लावून बसलेला मुलगा यातल्या कुठल्या रांगेत असेल? माफीसाठी आधी गयावया करावी लागते, आणि ती कोणाला मिळेल हे देणारा ठरवतो. असल्या व्यवस्थेला कोणी ग्राहकसंरक्षण म्हणू नये.

कार्डावरून आठवलं. आपल्याकडे आणखी एक भाबडी समजूत आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप कापली जाणारी रक्कम ठराविक मर्यादेपलीकडे ओटीपीशिवाय जात नाही. ही मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. त्यामुळे ‘माझ्या खात्यातून पंधरा हजारांच्या वर जाऊच शकत नाही’ असं पुष्कळ जण धरून चालतात. रक्कम जाणार नाही हे बरोबर. पण त्याने पैसे भरणं थांबतं, देणं थांबत नाही. यंत्रं चालू राहतात, बिल उभं राहतं, वर अठरा टक्के जीएसटी, आणि मग ‘पेमेंट अयशस्वी’ असा मेल येतो. रिझर्व्ह बँकेने तिच्या हद्दीतलं काम केलं आहे. कार्डाच्या पलीकडे तिचा नियम पोहोचत नाही.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र मी गंभीरपणे घेतो. पक्की मर्यादा लागली आणि ऐन मोक्याला सेवा बंद पडली तर? तालुक्याच्या बातम्या देणाऱ्या एखाद्या वेबसाइटने महिन्याला दहा हजारांची मर्यादा ठेवली आहे, आणि विधानसभेच्या निकालाच्या दुपारी, वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी असताना, ती मर्यादा भरली. वाचक निघून गेले, जाहिराती गेल्या. मालक म्हणेल, बिल परवडलं असतं, ही नामुष्की नको होती. अगदी बरोबर. रुग्णालयाच्या नोंदी, पैशांचे व्यवहार, अशा कामांना आपोआप तुटणारी मर्यादा लावणं हा वेडेपणाच ठरेल. पण म्हणून ती कोणालाच द्यायची नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? रोमिंगच्या त्या नियमातही ग्राहकाला वेगळी मर्यादा निवडायची मोकळीक होतीच. मागणी सक्तीची नाही, पर्यायाची आहे. ज्याला तुटणं परवडत नाही त्याने अलर्टवर राहावं. ज्याला बिल परवडत नाही त्याला तुटण्याचा हक्क असावा. शिकणारी मुलं, एकट्याने काम करणारे, तपासणीची खाती, यांच्यासाठी बंद पडणं हा काडीचा तोटा नाही.

‘डेटा पुसला जाईल’ ही भीतीही अशीच घातली जाते. गूगलवर बजेटचा संदेश पकडून त्या प्रकल्पाचं बिलिंगच तोडणारा कोड तुम्ही स्वतः लिहू शकता. पण तसं केलं तर साधनं कायमची जाऊ शकतात, असा इशारा गूगलनेच दिला आहे. म्हणजे पर्याय दोनच: नुसता मेल, नाही तर सगळंच जमीनदोस्त. मधलं काही नाही. वास्तविक मधलं सोपं आहे. नुसता साठवलेला डेटा महाग नसतोच. ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रात शंभर जीबी ठेवायला महिन्याला अडीच डॉलर लागतात. तोच शंभर जीबी हजार वेळा बाहेर उतरवला गेला तर बिल आठ हजार डॉलरच्या पुढे जातं. फुगते ती वाहतूक, फुगतात गणना करणारी यंत्रं. ती थांबवा, साठा महिनाभर तसाच ठेवा, त्याचे अडीच डॉलर आधीच बाजूला धरा. यात अशक्य असं काय आहे, ते मला अजून कोणी समजावून दिलेलं नाही.

ॲमेझॉनने २०२० मध्ये बजेटला कृतीची जोड दिली, हे नमूद करायला हवं. रक्कम गाठली की नवीन यंत्रं उभी करण्याची परवानगी काढून घेता येते, ठराविक सर्व्हर आणि डेटाबेस थांबवता येतात. सोय चांगली आहे, जरूर लावा. पण ती त्याच उशिराने येणाऱ्या आकड्यांवर चालते, आणि शेकडो सेवांपैकी मोजक्याच थांबवते. अर्धवट लगाम हातात देऊन घोडा उधळला तर स्वाराला बोल लावणं, हे त्यातलंच.

आता कबूल केल्याप्रमाणे अलर्टच्या बाजूने. क्लाउडवरचे बहुतेक पैसे रातोरात जात नाहीत, ठिबकत जातात. डेमोसाठी उभा केलेला सर्व्हर बंद करायचा राहतो. सर्व्हर काढून टाकतात आणि त्याची डिस्क मागे राहते. ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावायला सुरुवात केली. एका पत्त्याचे महिन्याला तीनशे रुपये, आणि कंपनीत असे चाळीस पत्ते विसरलेले असतात. या गळतीवर अलर्टसारखं औषध नाही. बारा तासांचा उशीर इथे कोणाच्या खिजगणतीत नसतो. पण तो महिन्याच्या १०० टक्क्यांवर लावून उपयोग नाही. रोजच्या खर्चावर लावा, सेवावार लावा, चाचणीचं खातं वेगळं ठेवून त्याला शंभर-दोनशे रुपयांचा लावा. आणि मेल कोणाकडे जातो ते बघा. आपल्याकडच्या कित्येक छोट्या उद्योगांत क्लाउडचं मूळ खातं वेबसाइट करून देणाऱ्या एजन्सीच्या, नाही तर दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या मेलवर असतं. अलर्ट तिथे इमानेइतबारे जात राहतो.

रातोरातच्या धोक्यासाठी मात्र अलर्टच्या पानावर वेळ घालवू नका, कोट्यांच्या पानावर घालवा. वापरत नसाल तर जीपीयूचा कोटा शून्यावर आणा. क्लाउड रनवर यंत्रांचा कमाल आकडा, लॅम्डावर एका वेळी चालणाऱ्या फंक्शनांची मर्यादा हाताने घाला. गूगलच्या बिगक्वेरी या सेवेत प्रत्येक क्वेरी जास्तीत जास्त किती डेटा वाचेल याला चाप लावता येतो. त्यापुढे जाणारी क्वेरी सुरूच होत नाही आणि पैसेही लागत नाहीत. इथे एक खुलासा, कारण हा घोळ फार होतो: क्वेरीच्या शेवटी ‘लिमिट १०’ लिहिल्याने उत्तराच्या ओळी दहा येतात, वाचलेला डेटा मात्र सहसा आधीइतकाच राहतो आणि बिलही आधीइतकंच येतं. हे सगळे चाप वापराचे आहेत, पैशांचे नाहीत. प्रत्येक सेवेचा वेगळा, शोधून शोधून लावावा लागणारा. म्हणजे पैशांची एक मर्यादा कंपनीने द्यायची नाही, आणि ग्राहकाने ती पन्नास तुकड्यांत स्वतः विणायची. तरी विणा, कारण आज दुसरा इलाज नाही.

पण तेवढ्यावर समाधान मानण्याचं कारण नाही. नियामकांनी रेटा दिला की या कंपन्या हलतात, याचा ताजा दाखला आहे. युरोपचा डेटा कायदा जानेवारी २०२४ मध्ये अमलात आला. सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकाकडून डेटा बाहेर नेण्याचे पैसे घेण्यावर त्याने टप्प्याटप्प्याने बंदी आणली. संपूर्ण बंदीची तारीख २०२७ मधली होती. गूगलने त्याच जानेवारीत, आणि ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये हे शुल्क जगभर सोडून दिलं. पक्क्या मर्यादेबद्दल तो कायदा गप्प आहे. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवा बाहेर ठेवतो, त्यामुळे इचलकरंजीतल्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर फर्मने ग्राहक आयोगाचं दार वाजवलं तर पहिली लढाई आपण ग्राहक आहोत हे सिद्ध करण्याचीच होईल. पण सरकार स्वतः फार मोठं गिऱ्हाईक आहे. ‘मेघराज’ धोरणाखाली केंद्राचं इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय क्लाउड पुरवठादारांना यादीत घेतं. त्या यादीत येण्यासाठी सुरक्षेच्या अटी पाळाव्याच लागतात. तिथेच आणखी एक अट घालायला कोणाची आडकाठी आहे? प्रत्येक खात्यावर रुपयांत ठरवता येणारी खर्चमर्यादा, ती ओलांडली तर वरचा बोजा पुरवठादाराचा, आणि साठवलेला डेटा किमान तीस दिवस सुरक्षित.

खाजगी गिऱ्हाइकांनाही थोडं बळ वापरता येईल. पुण्या-मुंबईतल्या मध्यम कंपन्यांना दरवर्षी पुरवठादाराच्या विक्री प्रतिनिधीचा फोन येतो: एवढ्या खर्चाचा शब्द द्या, एवढी सूट देतो. बोलणी नेहमी सुटीच्या टक्क्यांवर अडतात. पुढच्या वेळी टक्क्यांआधी विचारा की आमच्या चाचणीच्या खात्यांना पक्की मर्यादा मिळेल का, आणि मोजणीच्या उशिरात झालेला जादा खर्च तुम्ही सोसाल का. उत्तर लेखी मागा. प्रतिनिधी बहुधा बजेट अलर्टच्या पानाची लिंक पाठवेल. ती तशीच परत पाठवा, आणि त्या पानावरचं ‘खर्च आपोआप थांबत नाही’ हे वाक्य अधोरेखित करून करारात याचं काय करणार, ते पुन्हा विचारा.